व्हेस्ट्री म्हणजे खोली की माणसं

मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली तेव्हा ती कसली आहे हे घरात कुणालाच कळलं नाही. मलाही नाही.

एकोणीसशे पन्नासच्या पुढची वर्षं. मी एकवीस वर्षांची होते. कुंभकोणमला महामखम् तलावाजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमधून टायपिंग आणि शॉर्टहँड अशा दोन्ही परीक्षा पास झाले होते आणि घरी बसून वांग्याच्या फोडी करत होते. एक दिवस इन्स्टिट्यूटच्या मास्तरांनी निरोप पाठवला, की गावातल्या एका छोट्या प्रॉटेस्टंट चर्चला सभेची टिपणं घेऊन ती टाइप करून देणारं कुणीतरी हवं आहे. आठवड्यातून दोन दुपारी, बसायला खुर्ची, मशीन त्यांचं. मी अर्ज टाकला. आठ दिवसांनी इंग्रजीत पत्र आलं. 'व्हेस्ट्रीची मिनिट-रायटर' म्हणून माझी नेमणूक झाली होती.

अप्पांनी ते पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. माझे वडील तालुका कचेरीत जुन्या कागदांचे रखवालदार म्हणून निवृत्त झाले होते. मोडी वाचणारे ते तिथले शेवटचे. कागदावरचा एखादा शब्द कळला नाही की त्यांना जेवण जात नसे. त्यांनी पेटीतून इंग्रजी शब्दकोश काढला. तो पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात बांधून ठेवलेला असे. पान सापडलं. 'व्हेस्ट्री : चर्चमधील खोली, जीत धर्मगुरूंचे झगे ठेवतात.' त्यापुढे दोनचा आकडा होता, म्हणजे दुसराही अर्थ दिलेला होता. पण तिथून खाली सगळं कसरीनं खाल्लेलं.

"वस्त्र," अप्पा म्हणाले. "व्हेस्ट्री. हा आपलाच शब्द निघाला. यांणी समुद्रापलीकडे नेला आणि वळण बदललें."

ते इतके खूश झाले, की अर्थाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. अम्माचं गेलं.

"म्हणजे ही झगे सांभाळणार," ती म्हणाली.

"मिनिट-रायटर लिहिलंय, अम्मा. लिहायचं काम आहे."

"तेंच म्हणते. झगा कोणत्या मिनिटास धुवावयास गेला आणि कोणत्या मिनिटास परत आला, तें लिहावयाचें."

अप्पांचा चेहरा उतरला. तिचं म्हणणं मलाही खोडून काढता येत नव्हतं.

आमच्या घरची बोली ही अशी होती. अडीचशे वर्षांपूर्वी पूर्वजांनी मराठी मुलखातून दक्षिणेत येताना जी बरोबर आणली तीच, मध्ये थोडी तमिळ मिसळलेली. पुढे लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा माझ्या जावेनं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्याकडे अजून बखरी लिहितात का हो?" आता मी तिच्यासारखंच बोलते आणि लिहिते, पण आईवडील आठवले की ते त्यांच्याच भाषेत बोलतात. त्याला माझा इलाज नाही.

"जाऊन विचारूं," अप्पा म्हणाले. "मुलीस नोकरीवर धाडावयाचें तर शब्द पक्का पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बंद गळ्याचा कोट घालून, डोक्याला पागोटं बांधून निघाले. पुराव्यासाठी शब्दकोश पांढऱ्या फडक्यात बांधून काखेत घेतला. मी मागे.

चर्चच्या बाजूला एक व्हरांडा होता आणि त्याच्या टोकाला पाद्रीसाहेबांचं घर. तमिळ ख्रिस्ती लोक पाद्र्याला 'अय्यर' म्हणतात हे आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून रस्त्यावर "अय्यर तिथे टोकाला राहतात" असं दोघांनी सांगितलं तेव्हा अप्पा चक्रावले होते. ते तर तमिळ ब्राह्मणांचं नाव, कुंभकोणमला हाक मारली तर अर्धा रस्ता वळून पाहील असं. दारात पाद्रीसाहेबांच्या बायको आल्या. जाड भिंगांचा चष्मा, तोंडावर ऊन. त्यांनी अप्पांच्या काखेतलं पांढरं गाठोडं पाहिलं.

"आलात का," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "या वेळी मोजून घ्या. मागच्या खेपेला अय्यरांचा झगा निळा होऊन आला."

अप्पा ताठ उभे राहिले. "बाई, हा शब्दकोश आहे."

"काहीही असो. नीळ कमी घाला."

मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाशी धरून खांबाकडे वळले. तेवढ्यात फाटकातून खरा धोबी आला. त्याच्याही काखेत पांढरं गाठोडं. बाईंनी चष्मा पुसला, एका गाठोड्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि नुसत्या "अय्यो" म्हणून आत पळाल्या. त्यांच्याऐवजी कॉफीचे पेले बाहेर आले. अप्पा बाहेर काही घेत नसत. "आज एकादशी," ते म्हणाले. त्या दिवशी पंचमी होती.

धोब्याला मात्र सगळा प्रकार आवडला. तो व्हरांड्यात बसला आणि आमचा प्रश्न त्यानंच पहिल्यांदा ऐकून घेतला.

"सामी, इथे व्हेस्ट्री दोन आहेत," तो म्हणाला. "एक मी धुतो. दुसरीतली माणसं एकमेकांना धुतात."

हसत हसत पाद्रीसाहेब बाहेर आले. चाळिशीचे, बारीक, तिरुनेलवेलीकडचे. त्यांनी अप्पांना खुर्ची दिली आणि नीट समजावून सांगितलं. मूळ लॅटिन शब्द कपड्यांचा. त्यावरून कपडे ठेवायच्या खोलीचं नाव पडलं. इंग्लंडात खेड्यापाड्यांत चर्चचा कारभार बघायला गावातले चार लोक जमायचे, ते त्या खोलीत जमायचे. थंडीत तीच जागा जरा ऊबदार. जमता जमता लोक म्हणायला लागले, व्हेस्ट्रीनं असं ठरवलं, व्हेस्ट्रीला विचारा. खोलीचं नाव माणसांना लागलं. छप्पर कधी शाकारायचं, घंटा कुणी वाजवायची, बाक कुणी दुरुस्त करायचे, हे सगळं ती माणसं ठरवतात. त्यांच्या सभेचं इतिवृत्त मी लिहायचं.

अप्पांची मान डोलायला लागली. "आमच्या दप्तरासारखं," ते तमिळमध्ये म्हणाले. "दप्तर म्हणजे आधी वही. मग वह्या बांधायचं फडकं. मग ती गाठोडी ठेवायची खोली. मग त्या खोलीतली कचेरी. मी तीस वर्षं दप्तरात होतो म्हणजे काही फडक्यात बांधलेला नव्हतो."

पाद्रीसाहेबांना हे फार आवडलं. दोघं दीड तास बोलत बसले. माझ्या नोकरीचा विषय पुन्हा निघालाच नाही. निघताना मीच विचारलं, "मग मी मंगळवारी येऊ ना?" दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही कोण.

मंगळवारी दुपारी चार वाजता मी व्हेस्ट्री पाहिली, दोन्ही अर्थांची. खोली दहा फूट लांब, आठ फूट रुंद. आतलं दार कधीकाळी विटांनी बुजवलेलं, एक गजाची खिडकी, आणि व्हरांड्यात उघडणारं एक अरुंद दार. एका भिंतीला बर्मा सागवानाचं झग्यांचं प्रचंड कपाट. उरलेल्या जागेत टेबल, पाद्रीसाहेब, आठ सभासद आणि मी. चैत्र महिना होता. कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि सभासदांतून घामाचा.

सभासदांत खरं तर दोघंच बोलायचे, बाकीचे त्यांतल्या एकाच्या बोलण्यावर मान डोलवायचे. एक म्हणजे शेजारच्या मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस. उंच, धिप्पाड, आवाज असा की खालच्या पट्टीत बोलल्या तरी पोरी वर्गात जाऊन बसाव्यात. दुसरे निवृत्त स्टेशनमास्तर. सत्तरीचे, सडसडीत, कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. सभा चार वाजता असे आणि ते चारला एक मिनिट कमी असताना आत यायचे, कधी दोन मिनिटं कमी असताना नाही.

हेडमिस्ट्रेसनी पहिल्याच सभेत ठराव मांडला, की यापुढे व्हेस्ट्री शाळेच्या हॉलमध्ये भरावी. तिथे पंखा आहे.

स्टेशनमास्तर उभे राहिले. "ते होणार नाही."

"का?"

"व्हेस्ट्री ही खोली आहे. नावातच आहे. खोली हॉलमध्ये कशी भरेल?"

"व्हेस्ट्री म्हणजे आपण," हेडमिस्ट्रेस म्हणाल्या.

"आपण या खोलीत बसलो म्हणून. बाहेर पडलो की आपण नुसती घामेजलेली माणसं."

मतं घेतली. पंख्याच्या बाजूनं सात, खोलीच्या बाजूनं एक. मी लिहून घेतलं. स्टेशनमास्तरांनी घड्याळ पाहिलं, माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "माझा विरोध चार वाजून बावीस मिनिटांनी नोंदवला असं लिहा."

पुढच्या सभेला मी शाळेच्या हॉलकडे निघाले तर व्हेस्ट्रीच्या दारातून हाक आली. स्टेशनमास्तर आत टेबलापाशी एकटे बसले होते.

"बसा. सभा सुरू होतेय. टिपणं घ्या."

"सर, आपण एकटेच आहात."

"मग तसं लिहा. उपस्थित, एक."

मी बसले. माझी नेमणूक व्हेस्ट्रीची होती आणि व्हेस्ट्री कुठे आहे याचाच तर वाद होता. त्यांनी घसा साफ केला आणि ठराव मांडला, की शाळेच्या हॉलमध्ये होणाऱ्या सर्व सभा बेकायदा समजाव्यात. मी लिहिलं. मग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं होतं तसं विचारलं, "अनुमोदन कुणाचं?"

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. व्हरांड्यात धोबी झगे मोजत होता. त्याच्याकडेही क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. मग बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले.

"अनुमोदनाअभावी ठराव पडला," ते म्हणाले. "लिहा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर रागलोभ काही नव्हता. नियम तो नियम. मला त्या म्हाताऱ्याविषयी तेव्हापासून जी माया वाटायला लागली ती कमी झाली नाही. तिथून मी धावत हॉलमध्ये गेले. तिथे पंख्याखाली कागद उडत होते आणि सातजण त्यांच्या मागे धावत होते.

असं तीनदा झालं. मी एका दिवशी दोन व्हेस्ट्र्यांची दोन इतिवृत्तं टाइप करायची, एक चार पानांचं, एक चार ओळींचं. चौथ्या आठवड्यात पाद्रीसाहेब आमच्या घरी आले. शेजारणीनं विचारलं तेव्हा अम्मानं "मुलीचे अय्यर आले" एवढंच सांगितलं, आणि शेजारण एका अय्यराच्या कपाळावर भस्म का नाही याचा आठवडाभर विचार करत राहिली.

"तुमचं ते दप्तर," पाद्रीसाहेब अप्पांना म्हणाले, "ते आमच्या स्टेशनमास्तरांना एकदा सांगाल का? माझं ते ऐकत नाहीत. मी त्यांच्या मुलापेक्षा लहान आहे."

अप्पांना असं बोलावणं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आलं होतं. ते कोट शोधायला लागले. या वेळी शब्दकोश घरीच ठेवला.

व्हेस्ट्रीच्या खोलीत दोघं म्हातारे समोरासमोर बसले. पाद्रीसाहेब आणि मी दारात. अप्पांनी दप्तराची गोष्ट सांगितली. स्टेशनमास्तरांनी पूर्ण ऐकून घेतली.

"तुमच्या दप्तराचं मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण इमारत नाही तर स्टेशन नाही. मी चाळीस वर्षं पाहिलंय."

"आपण निवृत्त कधी झालात?"

"नऊ वर्षं झाली."

"आणि लोक आपल्याला काय म्हणतात?"

स्टेशनमास्तर कपाटाकडे पाहू लागले.

"मी फाटकातून आत आलो," अप्पा म्हणाले, "तर माळ्यानं सांगितलं, स्टेशनमास्तर आत बसलेत. आजूबाजूला रूळ तर दिसले नाहीत. आमचंही तेच. आमचे पूर्वज ज्या गावाहून आले त्या गावाचं नाव आम्ही अजून लावतो. ते गाव मी पाहिलेलं नाही, माझ्या आजानंही नाही. तिथे आता कुणी आम्हाला ओळखणार नाही. म्हणून आम्ही त्या गावचे नाही का? नाव एकदा माणसाला लागलं की ते माणसाबरोबर चालतं."

हे मला नवीन होतं. अप्पा गावाबद्दल घरात कधी बोलत नसत. स्टेशनमास्तरांनी खिशातून घड्याळ काढून किल्ली दिली. तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते आणि त्याला किल्लीची काही गरज नव्हती.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "हॉलमध्ये येतो. पण कपाट बरोबर येईल. वस्त्रं जिथे, व्हेस्ट्री तिथे."

पाद्रीसाहेबांनी लगेच कबूल केलं. तिथेच चुकलं.

शनिवारी सकाळी चार हमाल आले. सगळी व्हेस्ट्री मदतीला जमली होती, म्हणजे सल्ला द्यायला. झगे काढून माझ्या हातांवर ठेवले. हमालांनी कपाट आडवं केलं, तिरकं केलं आणि दारात घातलं. ते अर्ध्यापर्यंत गेलं आणि थांबलं. मग पुढेही जाईना आणि मागेही येईना. आत हेडमिस्ट्रेस, स्टेशनमास्तर आणि दोन हमाल. बाहेर आम्ही बाकीचे. कपाटाच्या वर वीतभर फट, तिच्यातून हेडमिस्ट्रेसच्या कपाळाचा थोडा भाग दिसत होता.

"ढकला," बाहेरचे म्हणाले.

"ओढा," आतले म्हणाले.

दोन्ही झालं. चौकटीचा टवका उडाला, कपाटाला काही झालं नाही. चर्चसमोर राहणाऱ्या म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्यानं कपाटावर हात फिरवला आणि दाराकडे पाहिलं.

"हे माझ्या बापानं केलंय," तो म्हणाला. "आतच केलंय. दार नंतर बसवलं."

"मग आता?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

"कपाट फोडा नाहीतर चौकट काढा. अय्यर, बापाचं काम मी फोडणार नाही."

अशा गोष्टीचा निर्णय व्हेस्ट्रीनं घ्यायचा असतो. आतून स्टेशनमास्तरांचा आवाज आला, "गणसंख्या पूर्ण आहे. सभा घ्या." पाद्रीसाहेब व्हरांड्यात अध्यक्षस्थानी उभे राहिले. मी पायरीवर बसले, झगे मांडीवर, त्यांच्यावर वही. हेडमिस्ट्रेसनी फटीतून ठराव मांडला, की चौकट काढावी.

"अनुमोदन," स्टेशनमास्तर म्हणाले.

त्या दोघांचं एकमत झाल्याची चर्चच्या इतिहासातली ती पहिली नोंद असावी. मी लिहिताना सवयीनं विचारलं, "सभेचं ठिकाण काय लिहू?"

सभा निम्मी खोलीत होती आणि निम्मी बाहेर. मग फटीतून स्टेशनमास्तर म्हणाले, "व्हेस्ट्री लिहा. दोन्हीकडे तीच आहे."

सुतारानं तासाभरात चौकट काढली. कपाट पुढे सरकलं, आतली माणसं बाहेर आली, आणि त्याच वेळी कावेरीकडून वारा आला. पूर्वी तो त्या अरुंद दारावरून पुढे निघून जायचा. आता चौकट गेल्यावर तो सरळ आत शिरला, गजाच्या खिडकीतून बाहेर पडला आणि डांबराच्या गोळ्यांचा वास बरोबर घेऊन गेला. हेडमिस्ट्रेस पुन्हा आत जाऊन उभ्या राहिल्या. पदरानं मान पुसली आणि जरा वेळ तिथेच थांबल्या.

"हॉलमध्ये कागद फार उडतात," त्या म्हणाल्या.

स्टेशनमास्तरांनी यावर एक शब्द उच्चारला नाही. पुढे अनेक वर्षांत मी एवढा मोठा संयम पाहिला नाही. हमालांनी कपाट परत आत नेलं, समोरच्या भिंतीला लावलं, आणि मी झगे एकेक करून आत टांगले. अम्माचं भाकीत तेवढ्यापुरतं खरं झालं. मी ते तिला सांगितलं नाही.

चौकट परत बसवली नाही. तिच्या जागी तिरुभुवनमच्या मागावरचा एक जाड सुती पडदा लावावा असं ठरलं. त्याचा रंग काय असावा यावर पुढच्या चार सभा झाल्या. हेडमिस्ट्रेस म्हणत तपकिरी, मळखाऊ. स्टेशनमास्तर म्हणत हिरवा, लाल तर मुळीच नको. दर मंगळवारी मी दोन्ही बाजू उतरवून घ्यायची. खोलीत वारा असायचा, वाद निवांत चालायचा, आणि मी तिथे होते ती दोन वर्षं दाराला पडदा लागला नाही.